मोह बुजत नाही

अस्वलाने इंदुताईचा उजवा डोळा नेला, उजवा गाल ओरबाडून नेला, आणि पालेझरी गावाने ठरवून टाकलं की आता ही बाई घरात बसणार. गावाचं काय जातं ठरवायला! गाव तर पाऊस कधी येणार हेही ठरवतं आणि दरवर्षी तोंडघशी पडतं.

आलापल्लीच्या डांबरी रस्त्यावरून आत वळलं की सागाच्या रानातून तीन किलोमीटर पायवाट, आणि मग पालेझरी. पन्नासेक घरं, घरांपुढे धानाच्या बांध्या, बांध्या संपल्या की लगेच जंगल. त्या जंगलाच्या काठावर इंदुताईचा मोह उभा होता. तिचा म्हणजे तिचाच. सातबाऱ्यावर नव्हे, गावच्या रीतीने. सासूला तिच्या सासूने दिला, सासूने हिला दिला. रीत अशी की होळीच्या आत ज्या घरची बाई झाडाखालचा पाला झाडून काढेल, त्या सालची फुलं त्या घरची. एक साल पाला तसाच राहिला की झाड सुटलं. मग दुसरीने येऊन खराटा मारला तर भांडायची सोय नाही.

आणखीही एक रीत होती. मोहाखाली बोलायचं नाही. पहाटे फुलं टपटपत असताना बाईच्या तोंडातून शब्द निघाला तर मोह बुजतो, असं गाव म्हणायचं. गाय जसा पान्हा चोरते तसा तो फूल चोरतो, आणि एकदा चोरायला लागला की त्या साली परत मोकळा होत नाही. म्हणून पालेझरीच्या बाया फटफटायच्या आधी निघायच्या, आपापल्या झाडाखाली वाकायच्या आणि मुक्याने वेचायच्या. खोकला आला तर पदर तोंडात कोंबायच्या. ही रीत कोणी काढली कुणास ठाऊक. ज्याने काढली त्याने स्वतः कधी एक टोपली वेचली नसेल एवढं मात्र पक्कं.

मागच्या साली इंदुताई झाडाच्या या अंगाला वाकून वेचत होती आणि अस्वल त्या अंगाला वाकून खात होतं. मोहाचं खोड दोघांच्या कवेत न मावणारं. ही मुकी, ते मुकं. दोघांनी एकाच वेळी खोडाला वळसा घातला, आणि झालं! आधी घाबरलं ते अस्वल, असं इंदुताई अजूनही सांगते. ते असं दचकलं की बिचाऱ्याला पळावं की मारावं हेच सुचलं नाही. मग त्याने मारलं.

त्यानंतर चंद्रपूरचा दवाखाना, तिथून नागपूरचा, दोन महिने. टाके, पट्ट्या, परत टाके. नवरा लटारू तिच्या खाटेजवळून हलला नाही. मुलगा अजय घुग्घुसला खाणीत कामाला, तो सुटीच्या दिवशी मोटारसायकल दामटत यायचा आणि आईच्या तोंडाकडे न बघता तिच्या पायांकडे बघत बोलायचा. घरी आल्यावर इंदुताईने लुगड्याचा पदर उजवीकडून जो ओढला तो ओढलाच. चुलीपुढे पदर, विहिरीवर पदर, जेवतानाही पदर.

एकदा शहरातून कोणी एक ताई आली, धीर द्यायला. वही होती, गोड बोलत होती. म्हणाली, "इंदुताई, निसर्गाकडे बघा. झाडं बघा कशी शांतपणे सगळं सोसतात. निसर्ग आपल्याला सहनशीलता शिकवतो."

"निसर्गानं माहा डोळा काहाडला, बाई," पदराआडून इंदुताई म्हणाली. "त्याची शिकवणी मले पुरे झाली." ताईने वही मिटली आणि चहा पिऊन गेली.

पण हे एवढं एकच. बाकी वर्षभर ती गप्पच होती. जी बाई विहिरीवर असली की घागरीचा आवाज ऐकू यायचा नाही, ती बाई गप्प! लटारूला ते घर खायला उठायचं.

होळीला आठ दिवस उरले तेव्हा पत्रू आला. पत्रू म्हणजे लटारूचा चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या ताटातल्या वड्यावर नजर ठेवायची त्याची जुनी खोड. त्याच्या बायकोचं, शकुबाईचं, झाड इंदुताईच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर होतं. वठायला आलेलं, कंजूष झाड. ओसरीवर टेकून पत्रू म्हणाला, "लटारूभाऊ, वहिनीले आता त्या झाडाखाली काऊन धाडता गा? एक जीव वाचला, लय झालं. औंदा शकू झाडून टाकते तुमच्या मोहाखाली. घरातल्या घरातच राह्यलं ना झाड."

इंदुताई आत भात पसवून त्याचं पाणी गाळत होती. तिने कान टवकारले. लटारू आता ठणकावून सांगेल असं तिला वाटलं. आणि लटारू काय म्हणाला?

"हाव गा. झाडू दे शकूले," तो म्हणाला. "मले झाड नाई पाह्यजे. मले बायको पाह्यजे."

भाताचं पाणी तिच्या पायावर सांडलं. ती दारापर्यंत आली. बोलायचं होतं, जिभेवर आलंही होतं, पण पत्रूने मान वर केली तसा तिचा हात आपोआप पदराकडे गेला आणि ती आल्या पावली आत वळली. पत्रू निघून गेला. तिला स्वतःचाच असा राग आला, असा राग आला, की तिने भाताची हंडी आपटली. लटारू आत आला तर म्हणाली, "माह्या सासूचं झाड तुमी कोनाच्या इचारानं देल्लं?"

"तू गेली असती त्या दिवशी," लटारू म्हणाला. "तुले मी बांधीतून उचलून आनलं. तुले आठवत नाई, मले रोज आठवते." रात्री दोघं दोन भिंतींकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोवऱ्यांसाठी शेण गोळा करायला बांधीत गेली. धान कापून कधीचं झालं होतं, बांध्या कोरड्या ठक्क पडल्या होत्या. पत्रूचा बैल मोकळा सुटून चरत चालला होता, आणि एकाएकी टिटवीने बोंब ठोकली. बोंब म्हणजे काय बोंब! मूठभर पाखरू, पण पार बैलाच्या शिंगांवर येऊन किंचाळायला लागलं. बैल थबकला. टिटवी पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. बैलाने मान झटकली, फुसफुस केली, आणि शेवटी एवढं मोठं धूड वळून दुसऱ्या बांधीत गेलं.

इंदुताई जवळ गेली तशी टिटवी तिच्याही डोक्यावर आली. "अवं, मी नाई हात लावत," ती म्हणाली. ढेकळांत चार अंडी होती. ना घरटं, ना काटकी, ना आडोसा. मोकळ्या बांधीत, उघड्यावर, मातीच्या रंगाची चार अंडी. बैल येतो, कोल्हा येतो, कावळा येतो, माणूस येतो. आणि हिच्याजवळ आहे काय? नखं नाहीत, चोच म्हणावी तर तीही नाही. फक्त गळा आहे.

ती शेणाची टोपली खाली ठेवून बांधावर बसली. वर्षभर तिने घरात बसून रान ऐकलं होतं, पण तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं. आता ऐकू लागली. जंगलाच्या काठाला वानर खॅक खॅक करत होतं, म्हणजे त्याला काहीतरी दिसलं होतं. त्याचं ऐकून मोर ओरडला. कोतवाल पाखरू एका ससाण्याच्या मागे लागून कचाकचा भांडत होतं. सगळं रान कोकलत होतं. तिने मनाशी हिशोब घातला की पहाटेच्या या रानात गप्प कोण असतं? दबा धरलेला बिबट्या, नाहीतर पालेझरीच्या बाया.

तेवढ्यात पायवाटेवरून हाळी आली, "बांगड्याऽऽ! हिरव्या, लाल, बुंदकीच्याऽऽ बांगड्या!"

आलापल्लीची हाजराबी होती. रस्त्यावर बसमधून उतरायची, दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा, डोक्यावर गाठोडं, आणि रानातून ओरडत ओरडत यायची. पन्नाशी उलटली होती, गळा मात्र विशीतला. इंदुताईला बघून ती बांधावर बसली, गाठोडं उतरवलं आणि पहिली गोष्ट काय केली तर तिचा पदर सरळ मागे ढकलला. निरखून पाहिलं.

"टाके चांगले भरले," हाजराबी म्हणाली. "मले वाटलं लय खराब असन. लपवून काऊन राह्यली? तू का चोरी केली?"

वर्षभरात तिच्या तोंडाकडे असं सरळ कोणी पाहिलं नव्हतं. इंदुताईच्या एका डोळ्याला घळाघळा पाणी आलं. मग तिने सगळं सांगितलं. पत्रूचं, झाडाचं, लटारूच्या शब्दाचं. आणि मग विचारलं, "हाजराबी, तू किती सालं झाली या रानातून येऊन राह्यली? एकटी?"

"वीस साल झाले."

"कधी अस्वल आडवं आलं?"

"दोनदा पाठ दिसली. पळून राह्यलं होतं," हाजराबी हसली. "माही बोंब अर्धा कोस आधी पोचते. जंगली जानवर शरीफ असते, इंदुबाई. त्याले आधी खबर दे, तं ते रस्ता सोडते. तुमी बाया चोरावानी मुक्यानं जाता आन मंग अस्वलाले दोष देता. अजब पागलपन आहे!"

"पन मोह बुजते ना."

"मोह का नवी नवरी आहे बुजायले?" हाजराबीने तिचा हात ओढला. दवाखान्यात बांगड्या कापल्या त्या कापल्या, हाताला नंतर काच लागलीच नव्हती. हाजराबीने दोन्ही हातांत डझन डझन बांगड्या चढवल्या आणि मनगट हलवून बघितलं. "अशा वाजल्या पाह्यजेत. जाय आता."

ती गेली. घरी नव्हे, सरळ झाडाकडे. वाटेत खराट्यासाठी काटक्या तोडल्या. झाडाने पानं टाकून दिली होती, नुसता सांगाडा उरला होता, आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके लटकत होते. बाकीची झाडं उन्हाला भिऊन सावली धरतात. हा शहाणा ऐन उन्हाच्या नाकावर टिच्चून, अंगावर चिंधी नसताना फुलतो. खोडावर, तिच्या कमरेएवढ्या उंचीवर, अस्वलाच्या नखांच्या जुन्या रेघा होत्या. तिने हात लावून पाहिला. सालीखालून नवी साल भरून आली होती. तिने आधी खोडाला वळसा घालून त्या अंगाला पाहिलं, मग पलीकडच्या नाल्याकडे. पण पदर सारखा डोळ्यावर येत होता, आणि एका डोळ्याच्या बाईला तेवढा आडोसा परवडत नाही. तिने तो ओढून कमरेला खोचला आणि पाला झाडायला लागली. झाडता झाडता मोठ्याने बोलायला लागली.

"आली मी! ऐकून राह्यला का बे मोहा? वर्षभर नाई आली, म्हनून दुसरीले देऊन राह्यले तुले! आन त्या केसाळ्यालेही सांगून ठेव, बाईचा एक डोळा शाबूत आहे म्हनून!"

गावाला खबर पोचायला कितीसा वेळ! पत्रू आला, लटारू धावत आला, आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत बापूजी आला. बापूजी गावातला सगळ्यात जुना माणूस, झाडांच्या तंट्यात त्याचा शब्द शेवटचा. सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. तिचा हात पदराकडे गेला नाही. हातात खराटा होता.

"लटारूनं शब्द देल्ला ना मले," पत्रू म्हणाला.

"झाड बाईचं," इंदुताई म्हणाली. "सासूनं मले देल्लं, त्याहिले नाई. त्याहिचा शब्द बांधीवर चालन, मोहावर नाई चालत. इचारा बापूजीले."

बापूजीने मान हलवली. ते खरं होतं. पण पुढे तो म्हणाला, "ते ठीक आहे, सूनबाई. पन तू मोहाखाली बोंबलून राह्यली. ते कसं चालन?"

"चालन नाई, धावन. मी रोज बोलनार आहे. फूल वेचतानाही बोलनार आहे. गप्प राहून माहं काय झालं ते पाहा." तिने तोंड पुढे केलं. म्हातारा दुसरीकडे बघायला लागला.

शेवटी बापूजीने निवाडा दिला. होळी झाल्यावर पाच दिवस पाहायचं. पाचव्या दिवशी सकाळी तिची टोपली काठोकाठ भरली, तर मोह बुजला नाही आणि झाड तिचं. नाही भरली, तर झाड शकुबाईचं, कायमचं. पत्रू हसत हसत घरी गेला.

लटारूने त्या संध्याकाळी आधी भाकर बाजूला सारली. मग उठून कुऱ्हाड पाजळत बसला. "तू नाई ऐकत ना?" तो म्हणाला. "बरं. मंग बोलायचंच आहे तं अंगनात ऐकू येईल असं बोल. आवाज थांबला तं मी आलोच समज." तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या घरात वर्षभरात पहिल्यांदा दोघं एका ताटाशी बसून जेवले.

होळी झाली. आणि नशीब बघा, दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं. ढगाळ हवेत मोह फूल धरून ठेवतो, हे पालेझरीतलं शेंबडं पोरही जाणतं. सगळ्यांचीच झाडं चेंगट झाली होती. पण मोजायचं कुणाचं होतं? तिचं. पहिल्या दिवशी टोपलीचं बूड झाकलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. तिसऱ्या दिवशी चार थेंब पडले, फुलं काळी पडली, आणि विहिरीवर बाया कुजबुजल्या, "बुजला वं मोह. सांगितलं होतं."

इंदुताई बोलत राहिली. बापा, काय काय बोलली! झाडाला नणंदांच्या तक्रारी सांगितल्या. नागपूरच्या डॉक्टरची नक्कल केली. सगळ्या रानभाज्यांची नावं घेऊन झाली, मग माहेरची सगळी नाती उलगडून झाली. चौथ्या दिवशी रिकाम्या टोपलीजवळ बसून ती आभाळाला शिव्या घालत होती. आतून तिला भीती वाटत होती, आणि भीती अस्वलाची नव्हती. खरंच बुजला असेल तर? खरंच माझ्या तोंडामुळे सासूचं झाड गेलं तर? तिला रडायला येत होतं, पण रडण्याचा आवाज अंगणापर्यंत पोचत नाही, म्हणून ती परत ओरडायला लागली.

चौथ्या दुपारी वारा सुटला आणि आभाळ निवळलं. पाचव्या पहाटे ती निघाली तर वाटेवरच वास आला. तो जड, गोड, डोक्यात चढणारा वास. झाडाखाली पोचली आणि तिथेच मटकन बसली. जमीन दिसत नव्हती. चार दिवसांचं धरून ठेवलेलं सगळं त्याने एका रात्रीत टाकलं होतं, आणि अजून टाकतच होता; तिच्या डोक्यावर, पाठीवर, बांगड्यांवर टप टप टप.

"अरे माह्या राजा!" ती किंचाळली. "बुजला नाई ना तू! सांग त्या पत्रूले, सांग बापूजीले!" आणि बोलत, हसत, नाक पुसत वेचायला लागली. उजाडता उजाडता टोपली काठोकाठ भरली, वर शीग आली.

तेव्हा तिला ते दिसलं. नाल्यातून अस्वल वर येत होतं. तेच होतं की दुसरं, कोण सांगणार. तिने हातातली फुलं टाकली. अंगणात लटारू कान लावून उभा असेल, हे आठवलं आणि तिने गळा मोकळा केला. "ये ना बे! ये! एक डोळा ठेवला आहे तुह्यासाठी!" दोन्ही हात वर करून बांगड्या खळाखळा वाजवल्या.

अस्वल थांबलं. नाक वर केलं. आणि खरंच, हाजराबी म्हणाली तसं, शरीफ माणसासारखं त्याने रस्ता सोडला. वळलं, आणि जिकडे गोंगाट नव्हता तिकडे निघालं.

जिकडे गोंगाट नव्हता तिकडे शकुबाई होती. आपल्या वठत आलेल्या झाडाखाली, पाठ करून, वाकून, मुक्याने वेचत. इंदुताईचं ओरडणं ती चार दिवस ऐकत होती, त्यामुळे आज तिने मान वर करून पाहिलंही नाही.

"शकू! अवं शकू! अस्वल! बोल वं, बोल!"

शकुबाईने वळून पाहिलं. पन्नास पावलांवर काळं धूड. तिचा हात वर गेला तो तोंडावर. सवय! इतक्या वर्षांची सवय. तोंडावर हात दाबून ती गारठून उभी राहिली, आणि अस्वलाला काही ती दिसेना, ते खाली मान घालून फुलं हुंगत तिच्याच दिशेने चाललं.

इंदुताई धावली. धावताना पाय टोपलीला लागला, टोपली कलंडली, फुलं चहूकडे उधळली. तिने मागे बघितलं नाही. "हात काहाड तोंडावरचा! बोंबल! काईही बोल! शकूऽऽ!"

आणि शकुबाई बोंबलली. भेदरलेल्या बाईच्या तोंडी काय यावं? लग्नाला तीस वर्षं झाली, उखाण्यापलीकडे जे नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं, तेच आलं.

"पत्रूऽऽऽ! पत्र्याऽऽऽ! अरे पत्र्याऽऽऽ!"

अस्वल असं उडालं की त्याच्याच पायात त्याचा पाय अडकला. ते कोलमडलं, उठलं, आणि पालापाचोळा उडवत नाल्यात जे शिरलं ते दिसेनासं झालं. शकुबाई मात्र थांबेना. तीस वर्षांचं साचलेलं निघत होतं. "पत्र्याऽऽ! आळशी पत्र्याऽऽ! मले एकटीले रानात धाडते आन सोता झोपून राह्यते, पत्र्याऽऽ!"

गावातून माणसं धावत आली. सगळ्यात पुढे लटारू, कुऱ्हाड घेऊन, धोतराचा सोगा सुटलेला. त्याच्यामागे पत्रू, अनवाणी, तोंड पांढरं पडलेलं. त्याच्यामागे बरीच माणसं, आणि कितीतरी मागे बापूजी.

"काय झालं? काय झालं?" पत्रू धापा टाकत म्हणाला. "माहं नाव कोनं घेतलं?"

"मी घेतलं," शकुबाई म्हणाली. "अस्वल आलं होतं. तुमचं नाव ऐकलं आन पयालं."

मग लटारूला हसू फुटलं आणि कुऱ्हाड टेकून तो हसायला लागला, आणि मग सगळं रान हसलं. पत्रूचे कान लाल झाले. माणूस अशा वेळी काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो. त्याची नजर कलंडलेल्या टोपलीवर गेली. "ते जाऊ द्या," तो म्हणाला. "पाचवा दिवस आहे. वहिनीची टोपली कुठी भरली आहे?"

इंदुताई काही बोलायच्या आत शकुबाई चालू लागली. तिने ती टोपली सरळ केली, खाली बसली आणि ओंजळीओंजळीने उधळलेली फुलं भरायला लागली. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. काठापर्यंत भरली, मग आणखी भरली, शीग आली तरी झाडाखाली जमीन दिसत नव्हती. तिने टोपली उचलून बापूजीच्या पायाशी ठेवली.

"मोह बुजला नाई, बापूजी," ती म्हणाली. "बुजल्या आमी होतो. झाड इंदुबाईचं आहे." मग नवऱ्याकडे वळून, सगळ्या गावासमोर, अगदी शांतपणे, "ऐकलं का, पत्रू?"

पत्रूने ऐकलं. ऐकून तो घरी गेला. त्या दिवशी संध्याकाळी त्याने त्या झाडाचं नावही काढलं नाही, आणि पुढेही कधी नाही.

बापूजी तेवढा जाता जाता पुटपुटला की रीत मोडली. "मोडली ना," इंदुताई म्हणाली. तिच्या गालावरचे टाक्यांचे वण सकाळच्या उन्हात चकाकत होते आणि ती ते लपवत नव्हती. "तुमाले पाह्यजे तं नवी घाला."

दुसऱ्या दिवशी फटफटताना लटारू अंगणात कुऱ्हाडीजवळ बसला होता. रानातून इंदुताईचा आवाज येत होता, आज ती त्याच्याच धाकट्या बहिणीची उणीदुणी काढत होती. पलीकडून शकुबाई काहीतरी उत्तर देत होती, आणि त्याही पलीकडे कोणीतरी तिसरी हसत होती. लटारूने चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं. आणि एकाएकी आवाज थांबला.

लटारू उभा राहिला. मनात पाच मोजले, दहा मोजले. कुऱ्हाड उचलली, आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "अजयची आईऽऽ! बोल ना वंऽऽ!"

रानातून लगेच उत्तर आलं, बांध्या ओलांडून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

"मरत नाई मीऽऽ! पानी पिऊन राह्यलीऽऽ!"